नातवाची गाडी आणि प्लॅस्टिकचा गिअर



मागच्या लेखात चातुर्मासात पालेभाजी न घेता रोज काय करायचं ते लिहिलं होतं. बऱ्याच जणींनी आमट्यांच्या आणखी कृती मागितल्या. त्या देईन. आज विषय वेगळा आहे, नातवाच्या रिमोटच्या गाडीचा. हसू नका. या गाडीने मे महिन्यापासून क्षमावाणीपर्यंत आमच्या घरात जे काय केलं ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मे महिन्यात सूनबाई नातवाला घेऊन सांगलीला माहेरी गेली. दरवर्षी आठ-दहा दिवसांत परत येते. या वर्षी पाच आठवडे राहिली, शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आली. कोणी विचारलं की आम्ही म्हणायचो, बोरिवलीत उकाडा फार, तिकडे बरं आहे. सांगलीचा मे महिना कसा असतो हे तुम्हाला माहीत आहे. मी तर त्याच भागातली. तरी तेच सांगत राहिले.

तर येताना मामाने दिलेली गाडी नातवाच्या हातात होती. खरी गाडी सव्वाचार मीटर लांब धरली तर ही तिच्या अठ्ठाविसाव्या भागाएवढी, म्हणजे १५ सेंटिमीटर. एक वीतसुद्धा नाही. पण जत्रेतल्या गाडीसारखी नव्हे. चारही चाकांना जोर मिळतो, पुढची चाकं वळवायला वेगळी बारीकशी मोटर आहे, आणि वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त फिरावं म्हणून खऱ्या गाडीसारखा डिफरन्शियलही आहे, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या गिअरचा. किंमत विचारली तर ३,२०० रुपये. माझ्यातली बी.कॉम. बाई लगेच जागी झाली. म्हटलं, एवढ्या पैशांत ही गाडी किती दिवस चालते बघू.

तीन आठवडे चालली. मग टक-टक-टक आवाज करायला लागली आणि हळूहळू सरकेनाशी झाली.

आमच्या घरात बिघडलेली वस्तू आधी माझ्याकडे येते. शिवणयंत्र, मिक्सर, देवघरातली घंटा, सगळं मीच उघडते. वर्तमानपत्र पसरलं, शंकरपाळ्याच्या डब्याचं झाकण स्क्रू ठेवायला घेतलं आणि गाडी उलटी केली. पहिलं काय सापडलं असेल? केस. मागच्या चाकाच्या दांडीला करकचून गुंडाळलेले केस. हॉलमध्ये जमिनीवर पडलेले केस चाकाने ओढून घेतले होते. काही माझे पांढरे, काही सूनबाईचे काळे, एकाच गुंड्यात. चिमट्याने काढायला अर्धा तास लागला. मैत्रिणींनो, घरात अशी गाडी असेल तर दर आठवड्याला ही दांडी बघा. निम्मे बिघाड तिथेच असतात.

केस काढले तरी टक-टक राहिलीच. मोटर बाहेर काढली. मोटरच्या टोकाला जो छोटा गिअर असतो त्याला पिनियन म्हणतात. आमच्या गाडीत त्याला ८ दात, आणि तो ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरला ३६. म्हणजे मोटर साडेचार वेळा फिरली की मोठा गिअर एकदा फिरतो. वेग कमी होतो आणि त्या बदल्यात जोर वाढतो. हा पिनियन प्लॅस्टिकचा होता, आणि त्याला दोन दातांच्या मधे उभी चीर गेली होती. मोटरची दांडी २ मिलिमीटर जाडीची, आणि पिनियनचं भोक त्याहून किंचित लहान ठेवतात, म्हणजे दाबून बसवल्यावर तो जागचा हलत नाही. हातात घट्ट बांगडी घातल्यासारखं. गाडी कपाटात नुसती पडून असली तरी तो पिनियन ताणलेलाच असतो. एक दिवस सर्वांत बारीक जागी तडकतो. चीर पडली की तिथले दोन दात लांब होतात आणि प्रत्येक फेऱ्याला समोरच्या दातावर आपटतात. तोच तो आवाज.

आधी डिंकाने चिकटवून पाहिलं. दोन मिनिटं टिकलं. मग ६० रुपयांचे दोन प्लॅस्टिकचे पिनियन मागवले. पहिला आठ दिवसांत तडकला.

मग एका दुपारी नातवाला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. बोरिवलीहून फास्टने मुंबई सेंट्रल, तिथून स्लोने एक स्टेशन ग्रँट रोड. ज्यांनी तो रस्ता पाहिला नाही त्यांना सांगते, इलेक्ट्रॉनिक्सचा भाजीबाजार म्हणा. मेथीच्या जुड्या मांडाव्यात तशा वायरी, मोटरी, बॅटऱ्या मांडलेल्या. एका अरुंद दुकानातल्या वयस्क माणसाने माझी पुडी उघडली, चिरलेला पिनियन नखावर घेतला आणि पितळेचा काढून दिला, ८० रुपये. म्हणाला, "आंटी, ये बदलो. लेकिन बाकी सब मेटल मत करना." मला तेव्हा ते कळलं नाही, आणि नातवाने तर ऐकलंच नाही.

नातवाला सगळंच धातूचं हवं होतं. मित्राच्या गाडीत आहे म्हणे. माझ्या मुलानेही उत्साहाने ऑनलाइन पूर्ण सेट मागवला: मोठा गिअर, डिफरन्शियलचे गिअर, चाकांकडे जाणाऱ्या दांड्या, बेअरिंग, १,४५० रुपये. रविवारभर बसून त्याने बसवला. गाडी हातात घेतली तर वजन लगेच जाणवलं. स्टील तेवढ्याच आकाराच्या गिअरच्या प्लॅस्टिकपेक्षा पाच-साडेपाच पट जड असतं, आणि हे जड चाक फिरवायचं काम त्याच एवढ्याशा मोटरवर. आवाजही बदलला, कॉफी दळल्यासारखा झाला. पण नातू खूश होता.

दहा दिवसांनी पार्किंगच्या खांबावर गाडी आपटली. पूर्वी असं झालं की मोठ्या गिअरचा एखादा दात जायचा. आता गिअरला काहीच झालं नाही. गिअर ज्या प्लॅस्टिकच्या पेटीत बसतात ती पेटीच बेअरिंगच्या जागी फुटली. गिअर तिरके होऊन अडकले. नातवाने रिमोटचं बटण दाबूनच धरलं होतं. अडकलेली मोटर फिरत्या मोटरपेक्षा कितीतरी पट करंट ओढते, आणि तो सगळा उष्णतेत जातो. जळका वास आला तेव्हा उशीर झाला होता.

मी वहीत हिशोब मांडला. प्लॅस्टिकचे पिनियन ६०, पितळेचा ८०, धातूचा सेट १,४५०, नवी पेटी ३५०, नवी मोटर १८०. एकूण २,१२० रुपये, रेल्वेचं भाडं सोडून. ३,२०० च्या गाडीवर. आणि एवढा खर्च करून गाडी टेबलावर उलटी पडलेली.

तेव्हा त्या दुकानदाराचं बोलणं आठवलं, आणि त्याबरोबर माझ्या माहेरचा किटकॅट फ्यूजही. आमच्याकडे फ्यूज सारखा जायचा म्हणून वडिलांनी एकदा त्यात जाड तार घातली. फ्यूज जायचा बंद झाला. मग एका रात्री माळ्यावरची वायरिंग जळली. दारच्या लिंबापर्यंत धूर गेला होता.

आपल्या स्वयंपाकघरात असं किती आहे बघा. मिक्सरच्या भांड्याखालचा तो दातेरी कपलर. भांडं अडकलं की आधी तो झिजतो, मोटर वाचते. कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी वॉल्व्ह. शिट्टीखालची नळी चोंदली की त्यातला मऊ धातू वितळतो आणि वाफ तिथून निघून जाते. तो पक्का बसवला तर कुकरच फुटेल. कुठेतरी काहीतरी तुटणारच असतं. कुठे तुटावं हे ज्याने वस्तू बनवली त्याने आधीच ठरवलेलं असतं.

पण याचा अर्थ मिळालं ते निमूट वापरायचं असाही नाही. सुमीत मिक्सरची गोष्ट तुमच्यातल्या जुन्या मैत्रिणींना माहीत असेल. सत्यप्रकाश माथूर हे सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. घरातला परदेशी मिक्सर आपल्या वाटण-मसाल्यापुढे टिकला नाही, मोटर जळली. तेव्हा १९६० च्या दशकात त्यांनी आपल्या कामाला पुरेल अशा मोटरचा मिक्सर मुंबईतच उभा केला. तिथे भार खरा होता आणि वस्तू खरोखर अपुरी होती. म्हणून प्रत्येक भागाला विचारायला हवं की तू तुटतोस तो अपुरा आहेस म्हणून, की दुसऱ्याला वाचवायला?

आम्ही गाडी तशीच पुन्हा जोडली. पिनियन पितळेचा ठेवला, कारण तो कोणाला वाचवण्यासाठी तुटत नव्हता, नुसत्या ताणानेच तडकत होता. चाकांकडे जाणाऱ्या दांड्या आणि बेअरिंग धातूची ठेवली. मोठा गिअर मात्र परत प्लॅस्टिकचा. तो दोन स्क्रू काढले की हाताला येतो, आणि १२० रुपयांत तीनचं पाकीट मिळतं. उरलेले दोन मी मसाल्याच्या जुन्या डब्यात ठेवले आहेत.

ग्रीसचा प्रश्न मला पडला, इतर कोणाला पडला नसता. काही ग्रीस जनावरांच्या चरबीपासून बनतात. लिथियम ग्रीस बहुतेक वेळा एरंडेलापासून काढलेल्या आम्लाचं असतं, पण डबीवर तसं लिहिलेलं नव्हतं. म्हणून सिलिकॉनचं घेतलं. ते प्लॅस्टिकलाही सोसतं. लावायचं मात्र काडीच्या टोकाएवढंच. जास्त लावलं तर पार्किंगची धूळ त्यात बसते आणि गिअर पॉलिश पेपरने घासल्यासारखे झिजतात. आणखी एक नियम मी घातला. पावसाळाभर गाडी बागेत किंवा ओल्या कडेला न्यायची नाही, तिथे किती जीव असतात. फक्त गच्चीवरच्या कोरड्या शेडमध्ये, तेही आधी झाडून.

शेवटचं काम मला फार आवडलं. दोन गिअर एकमेकांत अगदी घट्ट बसवले तर घासतात आणि मोटर तापते. सैल बसवले तर दातावरून दात घसरतो. मग मधे वहीच्या कागदाची बारीक पट्टी घालायची, मोटर सरकवून गिअरला टेकवायची, स्क्रू आवळायचे आणि चाक फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दातांचे ठसे उमटायला हवेत, पण ती फाटता कामा नये. एका कागदाची जागा मधे राहिली की झालं.

मी नातवाला हे सगळं समजावत होते. जुलैतला रविवार होता. म्हटलं, "बघ, हा पांढरा गिअर मुद्दाम मऊ आहे. दोन्हीकडून धक्का आला की तो स्वतः तुटतो आणि बाकी सगळे वाचतात."

सूनबाई कणीक मळत होती. तिथूनच म्हणाली, "म्हणजे मी."

हसत म्हणाली. नातूही हसला. मला हसता आलं नाही.

आता घरातलं सांगते. आमच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट ठरतंय. जास्तीची खोली घ्यायची की नाही यावरून ह्यांचं आणि मुलाचं वर्षभर बिनसलं होतं. भांडण एकदाच झालं, मग बोलणंच थांबलं. दोघं एका टेबलावर बसायचे आणि बोलायचे सूनबाईमार्फत. "बाबांना म्हणावं सोसायटीचे कागद द्या." "त्याला सांग, माझी एफडी मी मोडणार नाही." निरोप कडू असला तरी ती तो गोड करून पोचवायची, आणि उलट उत्तराचा राग तिच्यावरच निघायचा. त्यातच तिची अंधेरीला सीप्झच्या बाजूला नोकरी. आम्ही दोघं रात्री खात नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास दिवस मावळतो. ती सकाळी साडेपाचला उठून आमचं संध्याकाळचं करून ठेवायची आणि स्वतः ऑफिसात पाच वाजता गार डबा खायची. कधी चुकला तर तशीच झोपायची. मला ते माहीत होतं. मी त्याला तिची श्रद्धा म्हणायचे.

आणि जे लिहायला सर्वांत जड जातंय ते हे. ती येण्याआधी तो गिअर मी होते. सासूबाई आणि हे, मग हे आणि मुलगा, तीस वर्षं मी दोन्हीकडचे धक्के घेतले. त्याचं मला दुःख होतं, थोडा अभिमानही होता. सून आली आणि निरोप आपोआप तिच्याकडे जायला लागले. मला हलकं वाटलं. ते कोणाकडे गेले हे मी पाहिलं नाही. म्हणजे मी तुटका गिअर काढून तिथे नवा बसू दिला, आणि घर शांत आहे असं सगळ्यांना सांगत राहिले. पाच आठवडे सांगलीला उकाड्यासाठी कोणी जात नाही.

दशलक्षणात दुसऱ्या दिवशी उत्तम मार्दव असतं. दरवर्षी प्रवचनात ऐकतो की मार्दव म्हणजे मृदुपणा, अभिमान सोडणं. या वर्षी ऐकताना मनात आलं की हे घरातल्या प्रत्येकाला सांगितलंय. आम्ही ते एकीला नेमून दिलं होतं. गिअरचं पाकीट १२० रुपयांना मिळतं, माणसाचं मिळत नाही. यंत्रात एक भाग ठरवून मऊ ठेवणं शहाणपणाचं आहे. घरात तसं ठेवलं तर तो अन्याय होतो.

मग मी काय केलं? फार मोठं काही नाही. ह्यांना सांगितलं, मुलाला काय सांगायचं ते मुलाला सांगा. मुलालाही तेच. तिच्या तोंडी निरोप देणार असाल तर मी मधे येऊन तो मोठ्याने वाचून दाखवीन. एकदा दाखवलाही. दोघंही ओशाळले. संध्याकाळचं जेवण आता मी करते, ह्यांना पोळ्या लाटायला लावते. नकाशे निघतात, पण पोट भरतं. गाडीची मोटर बसवायला चार हात लागतात, एकाने गिअर धरायचा आणि दुसऱ्याने स्क्रू आवळायचा. पुढच्या वेळी बिघडली तेव्हा मी म्हटलं, माझी नजर पोचत नाही. ते पूर्ण खरं नव्हतं, त्याचं प्रायश्चित्त मी घेईन. हे टॉर्च धरून बसले आणि मुलगा स्क्रू आवळत होता.

अनंत चतुर्दशीनंतर क्षमावाणीला आपण सगळ्यांना म्हणतो, कळत-नकळत काही दुखावलं असेल तर क्षमा करा. या वर्षी सूनबाईला मी तसं मोघम म्हटलं नाही. हिशोबाच्या वहीसारखं एकेक सांगितलं. निरोप, गार डबा, सांगलीचा उकाडा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, मला वाटायचं तुम्हाला दिसत नाही. दिसतही होतं आणि बोलत नव्हता, हे जास्त लागलं." मी ते ऐकून घेतलं. तिने त्याच दिवशी क्षमा केली की नाही मला माहीत नाही. विचारायचा हक्क मला नाही.

खोलीचा निर्णय अजून झालेला नाही. परवा रात्री हॉलमध्ये दोघांचा आवाज चढला. मी धावले, तर सूनबाईने स्वयंपाकघराच्या दारात मला हाताने थांबवलं. दोघं भांडत होते, पण एकमेकांशी. मधे नातवाची गाडी पडली होती. ती आत आली, गॅसवर दूध ठेवलं आणि आम्ही दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिलो.

आमट्या पुढच्या लेखात नक्की. तोवर चाकाच्या दांडीवरचे केस तेवढे बघा.

जय जिनेंद्र.